बातमीदार कारखान्यात जातो तेव्हा: कोल्हापुरातलं एक प्रकरण

कोल्हापुरातल्या एका मराठी दैनिकाचा बातमीदार आधी एका शासकीय कार्यालयात कंत्राटावर गेला. तिथून तो एका साखर कारखान्याचा जनसंपर्क अधिकारी झाला आणि पुढे त्याच दैनिकात, संपादकीय टेबलावर परत आला. या प्रवासात कोणताही कायदा मोडला गेला नाही. कोणी पैसे घेतले, कोणी बातमी विकली असंही आढळलं नाही. तरीही एका माणसाचं नुकसान झालं आणि तो माणूस पत्रकार नव्हता. मुख्यतः त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

परतीच्या अटी ठरवताना संपादकांनी बाहेरच्या ज्या लोकांना बोलावलं, त्यांत मी होतो. त्यामुळे संबंधितांशी सविस्तर बोलता आलं. ओळख पटू नये म्हणून पदं आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

बातमीदाराची सुरुवात तालुका प्रतिनिधी म्हणून झाली. हे काम ज्यांनी केलं आहे त्यांना त्याचं अर्थकारण सांगायला नको. मानधन नावापुरतं, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी, कारखान्याच्या गळीत हंगामाचा शुभारंभ, पतसंस्थेची वार्षिक सभा, सगळीकडून जाहिरात आणायची. उद्या ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याच्याच दारात आज जाहिरातीसाठी उभं राहायचं. म्हणजे बातमीदारी आणि जनसंपर्क यांच्यातली भिंत त्याच्यापुरती नोकरी बदलण्याच्या कितीतरी आधीच पडलेली होती. जिल्हा पातळीवरच्या पत्रकारितेविषयी बोलताना हे आपण फार सहज विसरतो आणि सगळा दोष नोकरी बदलणाऱ्या माणसावर टाकतो.

पुढे तो शहर कार्यालयात पगारी बातमीदार झाला आणि त्याच्याकडे ‘सहकार’ आला. कोल्हापूर जिल्ह्यात सहकाराची बातमीदारी म्हणजे अर्धं राजकारण. साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, बाजार समिती आणि विधानसभा इथे तीच ती घराणी आणि तेच ते गट दिसतात. पुढच्या निर्णयांमध्ये ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

२०१८-१९च्या गळीत हंगामात एका कारखान्याच्या वजनकाट्यावरचा हंगामी कामगार त्याच्याकडे आला. काटामारी होते, म्हणजे उसाचं वजन कमी दाखवलं जातं, असा त्याचा दावा होता. भरलेल्या आणि रिकाम्या वाहनांच्या वजनाच्या काही पावत्यांच्या प्रती आणि स्वतःच्या हस्ताक्षरातली टिपणं त्याने एका पाकिटातून दिली. त्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, दहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये होती. एका खेपेला क्विंटलभर ऊस कमी दाखवला, तर शेतकऱ्याचे तेवढे पैसे काट्यावरच गेले. हंगामातल्या हजारो खेपा धरल्या की आकडा कुठे जातो, हे ऊस उत्पादकाला गणित न मांडताही कळतं.

बातमीदाराने काम सुरू केलं. पावत्या ताडून पाहणं, त्याच दिवशी खासगी काट्यावर वजन केलेले शेतकरी शोधणं, वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाच्या तपासण्यांची माहिती मिळवणं, या सगळ्याला वेळ लागणार होता. तेवढ्यात ऑगस्ट २०१९चा महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद, शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात, चिखली आणि आंबेवाडीतून लोकांना बोटीतून बाहेर काढणं चालू. पुढचे कित्येक आठवडे प्रत्येक बातमीदार पुराचाच बातमीदार होता. काट्याचं पाकीट टेबलाच्या खणात राहिलं.

२०२०मध्ये कोरोना आला. वृत्तपत्रांची पानं कमी झाली, पगार कापले गेले, काही जणांच्या नोकऱ्या गेल्या. बातमीदाराची नोकरी वाचली, पण घराचा हप्ता, मुलांची फी आणि आईचं आजारपण कापलेल्या पगारात बसेना.

पहिली उडी: शासकीय कार्यालय

शासकीय कार्यालयात प्रसिद्धीच्या कामासाठी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर माणूस हवा होता. पत्रकारांनी शासनाकडे जाणं नवं नाही. राज्याच्या माहिती व जनसंपर्क खात्यात पत्रकारितेतून आलेली कितीतरी माणसं आहेत. दिल्लीतही पत्रकार संजय बारू २००४पासून पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे माध्यम सल्लागार होते. पत्रकार हरिवंश तर चंद्रशेखर पंतप्रधान असताना त्यांच्या कार्यालयात जाऊन पुन्हा ‘प्रभात खबर’ या हिंदी दैनिकाच्या संपादकपदी परतले. तेव्हा जाण्यात काही वावगं नव्हतं.

वावगं होतं ते मधल्या काळात. बोलणी सुरू झाल्यापासून हाती आदेश येईपर्यंत काही आठवडे गेले आणि त्या काळात तो याच कार्यालयाच्या बातम्या देत होता. त्या बातम्या मी नंतर वाचल्या. त्यांत खुशामत नाही, पण प्रश्नही नाहीत. तो म्हणतो, “मुद्दाम काही गाळलं नाही.” माझा त्यावर विश्वास आहे. पण ज्याच्याकडून नोकरीची वाट पाहतो आहोत, त्याला अवघड प्रश्न विचारायला हात आपोआप आखडतो. त्याला मुद्दाम काही करावं लागत नाही. म्हणून बोलणी सुरू झाली त्याच दिवशी वृत्तसंपादकांना सांगून ते काम दुसऱ्याकडे द्यायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही, कारण आदेश आला नसता तर इथली नोकरीही धोक्यात आली असती. ही भीती खोटी नव्हती. संस्थेने त्या भीतीचं उत्तर आधीच देऊन ठेवायला हवं होतं.

दुसरी चूक अगदी शांतपणे झाली. जाताना त्याने संगणकाचा पासवर्ड दिला, संपर्क क्रमांकांची यादी दिली, पण काट्याचं पाकीट घरी नेलं. संपादकांना त्या बातमीची ढोबळ कल्पना होती. त्यांनी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. अर्धवट बातमी आणि तिच्या मागचा माणूस, दोन्ही निराधार झाले.

शासकीय कामात मात्र त्याने जे केलं, त्याचं कौतुक करायलाच हवं. जुलै २०२१मध्ये पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर पडली. पूरकाळातली प्रसिद्धिपत्रकं ठरावीक साच्याची असत: राजाराम बंधाऱ्याची पातळी, राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, विसर्ग किती क्युसेक, किती बंधारे पाण्याखाली. ‘मच्छिंद्री झाली का?’, म्हणजे पुराचं पाणी शिवाजी पुलाच्या कमानींपर्यंत चढलं का, असं विचारणाऱ्या पेठेतल्या माणसाला क्युसेकवरून काही कळत नाही. त्याने पत्रकाचा वरचा भाग बदलला. कोणता रस्ता बंद झाला, पर्यायी रस्ता कोणता, कोणत्या गावाने जनावरं आजच हलवावीत, निवारा कुठे आहे हे आधी, आकडे खाली. बातमीदार असताना गावागावांतून येणारे फोन त्याने घेतले होते, म्हणून त्याला हे सुचलं. पत्रकार शासनात गेल्याचा लोकांना जो फायदा होऊ शकतो, तो हा.

दुसरी उडी: कारखाना

२०२२मध्ये कंत्राटाला मुदतवाढ मिळाली नाही. त्याच सुमारास एका कारखान्यातून जनसंपर्क अधिकारीपदासाठी विचारणा झाली. पगार वृत्तपत्रातल्या शेवटच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट. कारखाना तोच, ज्याच्या काट्याचं पाकीट त्याच्या घरच्या कपाटात होतं.

हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय. त्याच्यापुढे चार वाटा होत्या. नकार देणं. दुसऱ्या एखाद्या कारखान्यात प्रयत्न करणं. पण हंगाम तोंडावर होता आणि घरात पगार नव्हता. नोकरी घेणं, पण त्याआधी काट्यावरच्या माणसाला भेटून सगळं सांगणं, त्याचे कागद त्याला परत करणं आणि त्याचं म्हणणं ऐकून मग होकार द्यायचा की नाही ते ठरवणं. किंवा नोकरी घेणं आणि गप्प राहणं.

त्याने शेवटची वाट धरली. त्याचा विचार असा होता: सांगितलं तर तो उगाच घाबरेल. मी त्याचं नाव कधीच घेणार नाही, मग सांगायचं कशाला?

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कार्यकारी संचालकांनी त्याला कारखाना दाखवला. गव्हाण, मिल, बॉयलर आणि मग वजनकाटा. काट्याच्या खिडकीत तोच कामगार बसला होता. दोघांची नजरानजर झाली, कोणी बोललं नाही. संध्याकाळी फोन आला.

“सर, तुमीच का आता हिथं? आधी सांगायचं तरी.”

बातमीदाराने शब्द दिला की नाव बाहेर जाणार नाही. तो शब्द त्याने पाळलाही. हंगाम सुरू झाल्यावर शेती विभागातल्या एका अधिकाऱ्याने चहा पिता पिता विषय काढला: “तुम्ही पेपरात असताना आमच्या काट्याचं काहीतरी निघणार होतं म्हणे. कुठनं आलं होतं हो ते?” त्याने उत्तर दिलं, “पेपरातलं पेपरात राहिलं, साहेब.” पुन्हा कोणी विचारलं नाही. या एका वाक्यासाठी मी त्याला मानतो. पगार देणाऱ्यासमोर असं बोलणं सोपं नसतं.

पण काट्यावरच्या माणसाला हे वाक्य ऐकू गेलं नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की आपलं गुपित माहीत असलेला माणूस रोज संचालकांच्या केबिनमध्ये बसतो. त्याने स्वतःहून काट्यावरून बदली मागितली आणि कारखान्याच्या लांबच्या गट ऑफिसला (गावपातळीवरच्या शेती कार्यालयाला) गेला. हंगाम संपायच्या आत त्याने काम सोडलं. हंगामी कामगाराला बिगरहंगामात मिळणारा रिटेन्शन भत्ता गेला. पुढेमागे कायम होण्याची जी आशा होती, तीही गेली. त्याला कोणी काढलं नव्हतं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती.

कायद्याच्या बाजूनेही इथे फारसा आधार नाही. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत गोपनीय स्रोताचा मान राखण्याची अपेक्षा आहे, आणि १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्यानुसार कौन्सिलपुढच्या चौकशीत पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगायची सक्ती करता येत नाही. पण ही चौकट वृत्तपत्र आणि पत्रकार यांच्यापुरती. पत्रकार कारखान्याच्या पगारावर गेला की त्याच्या डोक्यातल्या नावांचं काय, याबद्दल ती काही सांगत नाही. अखिल भारतीय सेवेतल्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी व्यावसायिक नोकरी धरायची तर शासनाची परवानगी लागते. पत्रकारासाठी असा कोणताही थांबा नाही. कायद्याने तो लादावा असं मला वाटत नाही. शासनाने पत्रकारांच्या नोकऱ्यांवर परवान्याचा अधिकार मिळवणं त्याहून घातक ठरेल. हा थांबा वृत्तपत्रांनी स्वतःच्या घरात घालून घ्यायचा आहे.

कारखान्यातलं त्याचं कामही एका दमात निकालात काढू नये. ऊस कारखान्यात पोहोचल्यावर १४ दिवसांत बिल द्यायचं, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हा १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम. कोणत्या पंधरवड्याचं बिल कधी जमा झालं, याचा फलक प्रत्येक गट ऑफिसबाहेर लावायचं त्याने संचालक मंडळाला पटवलं. खासगी काट्यावर वजन करून आणलेला ऊस नाकारला जाणार नाही, असा बोर्डही गेटवर लागला. आतून शक्य होतं तेवढं त्याने केलं. पण ज्याच्या कागदांमुळे हे त्याला सुचलं, तो तोपर्यंत बाहेर पडला होता.

परतीचा प्रश्न

२०२४मध्ये दैनिकाला अनुभवी वृत्तसंपादक हवा होता. विधानसभेची निवडणूक वर्षअखेरीस होणार हे दिसत होतं आणि टेबलावर बहुतेक नवी मुलं होती. जुन्या बातमीदाराने परत यायची इच्छा कळवली. पगार कमी झाला तरी चालेल, म्हणाला.

संपादकांनी बोलावलेल्या बैठकीत मतं सरळ दुभंगली. एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं होतं की एकदा पलीकडे गेलेल्याला घेऊच नये, वाचक विचारतील. नव्या मुलांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. “सर, कारखान्याचा ताळेबंद वाचता येणारा माणूस आमच्यात एक तरी आहे का?” असं एका मुलीने विचारलं आणि खोली गप्प झाली. तिचं बरोबर होतं. शासनाची टिपणी कशी तयार होते, कारखाना कोणता आकडा पुढे करतो आणि कोणता मागे ठेवतो, हे आतून पाहिलेला माणूस वृत्तपत्राला हवाच.

मी अटींसह घेण्याच्या बाजूने होतो. ठरलं ते असं: एक वर्ष त्याने जुन्या कारखान्याची आणि त्या शासकीय कार्यालयाची बातमी लिहायची नाही, तपासायची नाही, तिचा मथळा द्यायचा नाही. कार्यालयात सर्वांना हे माहीत असेल. जाहिरात विभागाने त्याला कारखान्याकडे पाठवायचं नाही.

मग कोणीतरी विचारलं, कारखान्याचे संचालक निवडणुकीला उभे राहिले तर? कोल्हापुरात हा प्रश्न काल्पनिक नसतो. तेव्हा त्या गटाच्या उमेदवारांच्या बातम्याही वर्ज्य ठरल्या. मग जिल्हा बँक? दूध संघ? यादी वाढत गेली आणि वृत्तसंपादकाकडे उरलं काय, तर क्रीडा, हवामान आणि अंबाबाईचा नवरात्रोत्सव. शेवटी गटाची बातमी तो तपासू शकेल, पण पान छपाईला सोडायचा अधिकार निवासी संपादकांचा, अशी तडजोड झाली. ती कागदावर नीट दिसत होती.

सप्टेंबरची रात्र

सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यावी लागते. त्या दिवसांत रोज कुठेतरी ‘मंजूर मंजूर’ आणि ‘नामंजूर’च्या घोषणा असतात, टेबलावर बातम्यांचा ढीग असतो. अशाच एका रात्री सहकार पाहणारा बातमीदार तापाने घरी होता आणि निवासी संपादक एका कौटुंबिक कार्यासाठी बाहेरगावी. जुन्या कारखान्याच्या सभेची बातमी आली. सभेत काट्यावरून गोंधळ झाला होता. नव्या उपसंपादकाने विचारलं, “सर, मथळा काय देऊ?” पान सोडायची वेळ टळत होती. त्याने मथळा सांगितला.

दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या मथळ्यात सभासदांना जाहीर झालेला लाभांश होता. काट्याचा गोंधळ बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात होता. सकाळीच एका शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्याचा फोन संपादकांना आला: “साहेब, कारखान्याचा माणूस तुमच्या टेबलावर बसून बातमी करतोय का हो?”

त्याने मुद्दाम केलं का? मी त्याच्याशी यावर बराच वेळ बोललो. त्याच्या मते लाभांश ही सर्व सभासदांच्या कामाची गोष्ट होती आणि गोंधळ दरवर्षीचाच. कारखान्यात दोन हंगाम काढल्यावर सभेतला गोंधळ दरवर्षीचाच वाटू लागतो. हेतूत नाही, पण नजरेत फरक पडलेला असतो आणि तो स्वतःला दिसत नाही. म्हणूनच अट लागते. प्रामाणिक माणसालाही लागते.

संपादकांनी त्याच दिवशी निर्णय घेतला आणि पुढच्या अंकात चौकट छापली: ही बातमी तपासणाऱ्याने पूर्वी त्या कारखान्यात नोकरी केली आहे, अंतर्गत नियमानुसार ती त्याच्याकडे जायला नको होती. सोबत काट्याबाबत सभासदांचं म्हणणं स्वतंत्र बातमी म्हणून दिलं. जाहिरात विभागाला हे मुळीच आवडलं नाही. कारखान्याची दिवाळीची जाहिरात त्या वर्षी आली नाही. संघटनेच्या कार्यकर्त्याने मात्र पुन्हा फोन करून चौकटीबद्दल आभार मानले आणि नंतर तो स्वतःहून बातम्या कळवू लागला.

वेगळं काय करता आलं असतं

एका वर्षाची मुदत मला आता अपुरी वाटते. साखरेच्या धंद्याचं वर्ष दिनदर्शिकेवर चालत नाही. मुदत दोन पूर्ण गळीत हंगामांची आणि त्यांच्या वार्षिक सभांची असायला हवी. पर्यायी माणूस कोण, हेही नावासह लिहून ठेवायला हवं. नियम होता, पण रात्री पावणेबाराला तो पाळणारा माणूस हजर नव्हता.

त्याहून आधीची गोष्ट म्हणजे पाकीट. बातमीदार जाताना अपूर्ण बातम्यांची यादी घ्यायची आणि प्रत्येक गोपनीय स्रोताला त्यानेच फोन करायचा: मी जातो आहे, तुमचे कागद परत हवेत, नष्ट करायचे की संपादकांकडे द्यायचे? निर्णय कागद देणाऱ्याचा. बातमीदार त्या स्रोताच्याच संस्थेत जाणार असेल, तर हा फोन होकार देण्याच्या आधी झाला पाहिजे. तसं झालं असतं, तर कदाचित काट्यावरचा माणूस म्हणाला असता की तुम्ही येऊ नका, आणि बातमीदाराला पगार आणि शब्द यांतून निवड करावी लागली असती. ती निवड त्याच्या वाट्याची होती. ती न करता त्याने तिची किंमत दुसऱ्याला भरायला लावली, आणि हे त्याने आमच्या बैठकीत स्वतः मान्य केलं.

आजची स्थिती

दैनिकात आता दोन पानांचा नियम लागू आहे. बाहेरच्या नोकरीची बोलणी सुरू झाली की संपादकांना कळवायचं, आणि कळवलं म्हणून नोकरीला धक्का लागणार नाही, असं त्यात व्यवस्थापनाच्या सहीनिशी लिहिलं आहे. जाहिरात आणण्याचं काम बातमीदारांकडून काढून घेण्याचं कलम मसुद्यात होतं. तालुका प्रतिनिधींचं मानधन वाढवल्याशिवाय ते लागू करता येणार नाही, म्हणून ते अडलेलं आहे. माझ्या मते सगळ्यांत आधी तेच सुटायला हवं.

काट्यावरचा माणूस सध्या एका खासगी गुऱ्हाळावर हिशेब पाहतो. बातमीदार त्याला भेटून आला आणि पाकीट परत दिलं. त्याने ते घेतलं, पण त्याचं पुढे काय करायचं हे अजून सांगितलेलं नाही. वृत्तपत्रानेही त्याला विचारलेलं नाही. विचारायचं झालंच तर ते दुसऱ्या बातमीदाराने विचारायचं, असं ठरलं आहे.